कागदी पिशव्या विकणाऱ्याची बोट

मेक्सिकोतला एक माणूस. कपडे धुण्याची यंत्रं विकून पैसेवाला झालेला, वयाची पन्नाशी गाठलेला, शिडाच्या बोटीचा नाद लागून जेमतेम काही वर्षं झालेली. हा गृहस्थ फिनलंडमधून एक बोट विकत घेतो. खास आरेखकाला बसवून बांधून घेतलेली नाही, तर कारखान्याच्या नमुन्यांच्या यादीतली, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मिळणारी बोट. मग बायको, मुलगा, पुतणे, चार मित्र आणि काही हौशी गोरी पोरं असा गोतावळा जमवतो आणि १९७३ च्या सप्टेंबरात खलाशांच्या ताफ्यासह जगाला शिडांवर प्रदक्षिणा घालण्याच्या पहिल्यावहिल्या शर्यतीत उतरतो. समोर कोण? ब्रिटिश नौदलाची बोट, फ्रान्सचे एरिक ताबार्ली, सगळे दर्यावर्दी मुरलेले. आणि हा रामोन कार्लिन ती शर्यत चक्क जिंकतो!

हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय. जेवायला बसलं की बोट, भाजी निवडायला घेतली की बोट. यजमान म्हणतात, आता तू एकदा त्या फिनलंडच्या कारखान्याचं नाव घेतलंस की मी उठून गच्चीत जाणार. जा म्हणावं! पण तुम्ही बसा, कारण मला हे कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचंच आहे.

आता माझा बोटींशी संबंध काय, तर भाऊचा धक्का ते रेवस. जन्म पुण्यात, समुद्र म्हणजे दिवेआगरची दोन दिवसांची सहल. पण मुलगी आणि जावई नोकरीसाठी फिनलंडच्या वासा शहरात असतात. आपल्याकडचे बरेच इंजिनीअर तिथे आहेत, दिवाळीला दणक्यात फराळ होतो. उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा जावई म्हणाले, आई, उत्तरेला याकोबस्टाड म्हणून छोटं गाव आहे, जुनी लाकडी घरं आहेत, जाऊन येऊ. फिनिश भाषेत त्याच गावाला पिएतारसारी म्हणतात, पण गावात स्वीडिश बोलणारेच जास्त. मी आपली लाकडी घरं बघायला गेले. आणि बंदरात उभी होती स्वान.

थांबा, बोटीवर नंतर चढू. आधी हा कारखाना निघाला कसा ते ऐका.

नाउटोर हे कंपनीचं नाव, स्वान हे तिच्या बोटींचं. १९६६ साली पेक्का कोस्केनक्युला नावाच्या तरुणाने ती काढली. हा होता कागदी पिशव्यांचा विक्रेता! सिमेंट, पीठ वगैरे भरायच्या जाड कागदी पिशव्या असतात ना, त्या विकत हिंडणारा. बोटी बांधण्याच्या धंद्यात नवखा. त्याच्या घरात पिढीजात गोदी नव्हती की हाताशी मोठं भांडवल नव्हतं. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ होती: आपल्याला बोटीची रेषा आखता येत नाही, तर जगात जो ती सगळ्यात चांगली आखतो त्याच्याकडे जावं. म्हणून तो थेट न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्सकडे गेला.

हे नाव मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण आता मी त्यावर तासभर बोलू शकते. ओलिन स्टीफन्स म्हणजे या क्षेत्रातला बाप माणूस. १९०८ चा जन्म, शंभर वर्षं जगला. विशीत असताना त्याने ‘डोराड’ नावाची बोट आखली आणि १९३१ ची अटलांटिक पार करण्याची शर्यत तिने जिंकली. पुढे अमेरिकाज कप हा शिडाच्या बोटींचा मानाचा चषक राखणाऱ्या बोटी एकामागोमाग एक त्याच्याच कागदावरून उतरल्या. १९६७ ची ‘इन्ट्रेपिड’ त्याची. त्याचा भाऊ रॉड हा दोरखंड, शिडं, डोलकाठ्या यांतला दर्दी. अशा माणसांकडे आर्क्टिक वर्तुळाच्या थोड्याच खाली राहणारा एक पिशव्यांचा विक्रेता जातो आणि म्हणतो, मला बोट आखून द्या. आणि ते देतात! मला तर या प्रसंगाचंच वेड लागलंय. माणसाला स्वतःला काय येत नाही हे नेमकं कळणं आणि त्याची लाज न वाटणं, ही केवढी मोठी हुशारी आहे.

ती पहिली बोट म्हणजे स्वान ३६. आकडा फुटांमधल्या लांबीचा. आपल्या मापात अकरा मीटरच्या आसपास. तिचं वेगळेपण काय ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, पण समजलं तेव्हा टाळीच वाजवली. तोवर बहुतेकदा स्टीफन्सांची बोट हवी म्हणजे खिसा खोल हवा. आरेखनाचे पैसे द्या, मग गोदी गाठा, मग सुतार एकेक फळी वाकवून, ठोकून तुमच्या एकट्यासाठी लाकडी बोट बांधणार. कोस्केनक्युलाने ठरवलं की ही बोट काचतंतूंची करायची, म्हणजे फायबरग्लासची. एक साचा बनवायचा. साच्याच्या आतून चकचकीत लेपाचा थर, त्यावर काचतंतूंच्या चटया, त्यावर राळ, पुन्हा चटई, पुन्हा राळ. घट्ट झालं की साच्यातून आख्खं कवच उचलून बाहेर काढायचं आणि त्याच साच्यात दुसरं घालायचं. अमेरिकाज कपवाल्या माणसाच्या हातची रेषा, पण नगावर! १९६६ साली एवढ्या मोठ्या बोटीसाठी हे धाडसच होतं, कारण पुष्कळ जाणत्यांचा या काचेच्या बोटींवर विश्वास नव्हता. पहिली स्वान ३६ पुढच्याच वर्षी पाण्यात गेली आणि पुढच्या काही वर्षांत अशा नव्वद झाल्या. १९६८ मध्ये इंग्लंडच्या काउझ वीकमध्ये ‘कास तेत’ नावाच्या स्वान ३६ ने आपल्या गटातल्या शर्यतींचा सपाटा लावला आणि लोक विचारू लागले, ही कुठली बोट? कुठलं हे गाव?

गाव! आता गावाकडे या, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

याकोबस्टाड बॉथनियाच्या आखातावर आहे. हिवाळ्यात इथला समुद्र गोठतो. ज्या गावात वर्षातले कित्येक महिने बोट पाण्यात घालता येत नाही, तिथे जगातल्या उत्तम शिडाच्या बोटी का बांधल्या जाव्यात? मी हाच प्रश्न जावयांना विचारला, तर ते म्हणाले, आई, बाहेर अंधार आणि उणे वीस असेल तर माणूस घरात बसून काय करणार? गंमत सोडा, पण उत्तर त्याच्या जवळपासच आहे. १६५२ मध्ये वसलेलं हे गाव शतकानुशतकं जहाजं बांधत आलेलं. भोवती जंगल, जंगलातल्या पाइनपासून डांबर, आणि ते डांबर न्यायला लाकडी जहाजं. १८४४ ते ४७ या काळात जगाला वळसा घालून आलेलं पहिलं फिनिश जहाज ‘हर्क्युलिस’ याच गावचं. पुढे वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली, गावाचा मोठा धंदा गेला. पण सुतार राहिले. शेजारच्या लार्स्मोच्या वाड्यावस्त्यांवर घराघरांत होड्या होत राहिल्या. कोस्केनक्युलाला कारखान्यासाठी माणसं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. काचेचं कवच कुणालाही ओतता आलं असतं हो, पण त्याच्या आत जे लाकूडकाम करायचं होतं ते करणारे हात या किनाऱ्यावर आधीपासून होते.

आता चला बोटीवर.

जुन्या बंदरात धक्क्याला लागून ती उभी होती. सत्तरच्या दशकातली स्वान ३८, पांढरी, आणि अंगाच्या वरच्या कडेने गेलेल्या रेघेच्या टोकाला एक बारीक बाण. मी त्या बाणाकडे बराच वेळ बघत उभी राहिले असेन, कारण बोटीच्या मालकीणबाई, माझ्याच वयाच्या, हसून इंग्रजीत म्हणाल्या, चपला काढून येणार असाल तर या वर. चपला काढायचं आपल्याला काय सांगायचं! दोन मिनिटांत मी डेकवर. पायाखाली सागवान. बर्मा टीक! अरुंद पट्ट्या, त्यांच्या मधल्या सांध्यांत काळी रबरी भर, आणि त्या पट्ट्या सरळ रेषेत न जाता बोटीच्या कडेला समांतर वळत वळत पुढच्या टोकाला जाऊन मिळतात. पन्नास वर्षांच्या खाऱ्या पाण्याने ते लाकूड रुपेरी झालेलं. पायाला ऊबदार लागतं आणि ओलं असलं तरी घसरत नाही, बाई मुद्दाम पाणी ओतून म्हणाल्या, चालून बघा.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. बऱ्याच बोटींवर मधली खोली डेकवर खोक्यासारखी उभी असते. स्वानवर तिचं छत पुढे उतरत उतरत डेकमध्ये विरून जातं. लाट पुढून आली की आपटायला तिला भिंतच नाही, ती वरून सरकते नि बाजूने उतरून जाते. सुंदर दिसतं ते वेगळंच. मला वाटतं या कारखान्यात सौंदर्य हे असं कामाच्या ओघात येत असावं, वरून लावलेलं नसावं.

आत उतरले आणि मग माझं बोलणंच बंद झालं. (घरच्यांना सांगितलं तर विश्वास ठेवला नाही.) सगळं सागवानी. एकही कोपरा टोकदार नाही, टेबलाची कड, ओट्याची कड, दाराची चौकट, सगळं गोल घोटलेलं, कारण वादळात माणूस त्यावर आदळतो. शेगडी आडव्या आसावर टांगलेली. बोट कलली तरी पातेलं सपाट. झोपायच्या फळीला कापडाची झोळीवजा आडोशाची पट्टी, वर दोऱ्यांनी बांधायची, म्हणजे कुशीवर कललेल्या बोटीतून माणूस खाली पडत नाही. मी एक खण ओढला, हलेना. बाई म्हणाल्या, आधी किंचित वर उचला. उचलला आणि ओढला, अलगद बाहेर आला. समुद्र कितीही झोडपू दे, खण आपणहून उघडणार नाही. खाली बारीकशी खाच असते, त्यात तो बसतो. आणि त्या खणाच्या तोंडावरचे लाकडाचे रेषे शेजारच्या खणाच्या रेषांना जाऊन मिळत होते! म्हणजे सुताराने एकच फळी घेऊन ती क्रमाने कापून क्रमाने लावलेली. हे कोण बघणार होतं? समुद्राच्या मधोमध, रात्री तीन वाजता, कोण खणाचे रेषे जुळलेत का पाहणार आहे? पण त्याने जुळवले. चढायच्या पायऱ्यांजवळ बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि पडतोय असं समजून हात टाका. टाकला, तर हातात बरोबर एक दांडा आला. दुसऱ्या बाजूला टाकला, तिथेही. माणूस कुठे धडपडेल याचा कुणीतरी बसून विचार केला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत बसल्यापासून मी फोनवर वाचायला लागले ती अजून थांबलेली नाही.

१९६९ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. नवीन कंपनी, ऑर्डरी हातात, आणि सगळं जळून खाक होण्याची वेळ. पुढे लाकूड-कागदाच्या धंद्यातली तिथली बडी कंपनी विल्हेल्म शाउमान हिने नाउटोर ताब्यात घेतली. कागदी पिशव्यांतून निघालेली बोट कागदवाल्यांच्याच पदरी पडली, म्हणा ना! पण यामुळे पैसा आला आणि बोटी मोठ्या होऊ लागल्या. ५५, मग १९७१ ची ४८. त्या ४८ पैकी ‘नोरयेमा’ने १९७२ ची बर्म्युडा शर्यत जिंकली, आणि ती जिंकणारी ती पहिली बिगरअमेरिकी बोट. त्यानंतर आली स्वान ६५. जवळजवळ वीस मीटर लांब, दोन डोलकाठ्यांची. कारखान्यात ओळीने तयार होणाऱ्या शिडाच्या बोटींमध्ये तेव्हा एवढी मोठी बोट दुर्मीळच. हीच कार्लिनने घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘सायुला २’.

शर्यत पोर्ट्समथहून सुटली, सतरा बोटी. केप टाउन, सिडनी, रिओ दि जानेरो आणि परत पोर्ट्समथ. व्हिटब्रेड ही बिअर कंपनी पुरस्कर्ती आणि ब्रिटिश नौदलाची नौकानयन संघटना आयोजक. मेक्सिकोच्या या घरगुती फौजेला कुणी खिजगणतीतही धरलं नव्हतं. त्यात कार्लिनच्या बोटीवर जेवण उत्तम आणि सोबत वाइन, म्हणजे तर सहलीला निघालेत असंच लोकांना वाटलं. पण सहल कसली! ताबार्लींच्या बोटीची डोलकाठी मोडली, दुरुस्त करून निघाले तर पुन्हा मोडली. वेगवेगळ्या बोटींवरचे तीन खलाशी समुद्रात गेले, त्या शर्यतीवर ती काळी छाया कायमची आहे. आणि केप टाउन ते सिडनीच्या टप्प्यात, दक्षिणेच्या त्या थंडगार रिकाम्या समुद्रात, एका लाटेने सायुलाला उचललं आणि आडवं केलं. आडवं म्हणजे नुसतं कुशीवर नाही. डोलकाठ्या पाण्याखाली गेल्या, बोट जवळजवळ उलटी झाली. आत झोपलेली माणसं छतावर, सामान माणसांवर, पाणी सगळीकडे. लोक जायबंदी झाले. आणि मग ती बोट उठून उभी राहिली.

हे शिशाच्या कीलमुळे. बोटीच्या पोटाखाली पंखासारखा लटकणारा जड भाग असतो, त्याचं वजन बोटीला परत सरळ ओढतं, हे कुणीही सांगेल. पण तेवढ्याने भागत नाही ना! एवढा हिसका बसल्यावर कवचाला तडा जायला नको, आतले आडोसे कवचापासून सुटायला नकोत, डेक उखडायला नको. तो टणकपणा याकोबस्टाडच्या हातांनी आत घातला होता. सायुला सिडनीला पोहोचली, पुढे निघाली, केप हॉर्नला वळसा घालून १९७४ च्या वसंतात पोर्ट्समथला आली. सगळ्यात कमी दिवसांत पोहोचलेली बोट ती नव्हे, तो मान ‘ग्रेट ब्रिटन २’चा. पण या शर्यतीत लहानमोठ्या बोटींना एका मापात आणण्यासाठी वेळेला गुणक लावतात, आणि त्या हिशेबात सायुला पहिली. ब्रिटिश नौदलाची ‘ॲडव्हेंचर’ दुसरी! कार्लिन २०१६ मध्ये गेले, नव्वदी पार करून. त्याच वर्षी त्यांच्यावरचा ‘द वीकेंड सेलर’ हा माहितीपट आला. मिळाला तर सोडू नका. म्हातारपणी ते ज्या मिस्कीलपणे ही कथा सांगतात, ते बघून मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

आणि थांबा, पुढच्या खेपेचं सांगायचं राहिलं. १९७७-७८ च्या शर्यतीत स्वान ६५ ‘किंग्ज लेजंड’ दुसरी आली, आणि ‘एडीसी ॲक्युट्रॅक’ या स्वान ६५ ची कप्तान होती क्लेअर फ्रान्सिस. व्हिटब्रेड शर्यतीतली पहिली महिला कप्तान. ती पाचवी आली. नंतर तिने बोटी सोडून रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि त्याही खूप खपल्या. मला आता तिच्याबद्दल वेगळं वाचायचंय, पण एका वेळी एकच वेड पुरे.

नमुन्यांची यादी मी वहीत उतरवली तेव्हा आधी काहीच लागेना. ६५ आणि ६५१, ४४ आणि ४४१, ३७ आणि ३७१. म्हणजे ४४१ फुटांची बोट? नाही हो! तो आकडा आधीच वापरून झालेला, म्हणून मागे एक लावलेला, बोट नवी, आरेखक नवा. ४८ तर तीनदा आली आहे: स्टीफन्सांची १९७१ ची, मग नव्वदच्या दशकातली, आणि अलीकडे आणखी एक. त्यामुळे स्वानवाले बोलताना आधी विचारतात, कुणाची ४८?

मग मला एक युक्ती सापडली. बोटीचं मागचं टोक बघायचं. सत्तरच्या दशकातल्या बोटींचं मागचं टोक आवळलेलं, निमुळतं, जणू कुणी चिमटीत धरलंय. ते सौंदर्यासाठी नव्हे. शर्यतीत वेळेचा गुणक काढायला बोटीची ठराविक ठिकाणी मापं घेत, आणि त्या नियमात अशा आकाराला सूट मिळे. नियमाची पळवाट फायबरग्लासमध्ये गोठलेली! म्हणून त्या बोटी वाऱ्याच्या विरुद्ध चढताना राणीसारख्या जातात आणि वारा मागून जोरात आला की डोलू लागतात. स्टीफन्सांनंतर न्यूझीलंडच्या रॉन हॉलंडने काही बोटी आखल्या, त्यांवर मी फार वेळ घालवला नाही. पण १९८० नंतर आले अर्जेंटिनाचे हेर्मान फ्रेर्स, आणि ते उमेदीत न्यूयॉर्कला स्टीफन्सांच्याच कार्यालयात काम केलेले! म्हणजे गुरूकडून शिष्याकडे असंच की. त्यांची ५१ आली, मग ४६, जी शंभराच्या वर बांधली गेली, मग ५९, ६५१ आणि पुढे तीस-चाळीस मीटरपर्यंतच्या. यात मागचं टोक हळूहळू सुटं होतं, रुंदावतं. २०१६ ची क्लबस्वान ५० बघा, हुआन कौयोमजियान यांची. मागून बघितली तर बोट कापून ठेवल्यासारखी रुंद, सगळी कार्बनची, जोराच्या वाऱ्यात लाटेच्या पुढे घसरणारी. पन्नास वर्षांचा इतिहास नुसत्या मागच्या टोकांवरून वाचता येतो, आणि मी आता तसा वाचते, फोटो बघून वर्ष सांगते, यजमानांनी तीनचार वेळा परीक्षाही घेतली.

१९९८ मध्ये मालक पुन्हा बदलले, आणि कुणी घेतली म्हणता? लिओनार्दो फेर्रागामो यांनी. फ्लॉरेन्सचे बूटवाले फेर्रागामो! सिनेमाच्या नट्यांसाठी चपला शिवणाऱ्या साल्व्हातोरे फेर्रागामोंचा मुलगा. पिशव्या, धुलाईयंत्रं, बूट. या कंपनीच्या वाटेत बोटवाले सोडून सगळे येतात. फेर्रागामो आले तेव्हा लोकांना धास्ती वाटली असणार की आता कारखाना इटलीला जाणार. गेला नाही. उलट याकोबस्टाडमध्येच पाण्याच्या कडेला नवं मोठं बांधकाम केंद्र उभं राहिलं. २०२४ मध्ये सानलोरेन्झो या इटलीच्या आलिशान मोटरबोटी बांधणाऱ्या कंपनीने निम्म्याहून जास्त वाटा घेतला, तरी गाव तेच आहे. मालक तीनदा बदलले, आरेखक न्यूयॉर्क, न्यूझीलंड, ब्यूनोस आयर्स असे फिरले. खणांचे रेषे जुळवणारे मात्र तिथलेच. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की स्वानचा खरा मालक हे गाव आहे. मुलगी म्हणते, आई, तू त्यांच्या जाहिरात खात्यात नोकरी धर.

सगळंच मला आवडलंय असं नाही हं. क्लबस्वान १२५ म्हणून एक अवाढव्य बोट त्यांनी केली, ‘स्कॉर्पिओस’. २०२१ च्या फास्टनेट शर्यतीत एकाच कवचाच्या बोटींमध्ये ती पहिली पोहोचली. ठीक आहे, वेग आहे, पैसा आहे. पण तिच्या फोटोत मला तो हात कुठे दिसेना. आणि २०१९ ची क्लबस्वान ३६, म्हणजे पहिल्या बोटीचाच आकडा, तिच्या कुशीतून सी आकाराचा वाकडा पंख बाहेर येतो आणि बोटीला वर उचलून धरतो. मजेदार आहे. पण आत झोपायला जागाच नाही म्हटल्यावर माझा उत्साह जरा ओसरला.

आता आपल्याकडे या. फिनलंडहून परतल्यावर माझ्या डोक्यात आलं, असं आपल्याकडे कुणी केलंय का? आणि केलंय की! गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस गोदीत. भारतीय नौदलाला एकट्याने जगप्रदक्षिणा घालण्यासाठी बोट हवी होती. दांडेकरांनी तोवर अशी शिडाची बोट बांधलेली नव्हती. आरेखन मागवलं हॉलंडच्या व्हान द स्टाट यांच्याकडून, ५६ फुटी, आणि सीडर लाकडाच्या पट्ट्या, फायबरग्लास नि राळ यांची ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलाला दिली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून आले, २००९-१० मध्ये, तसं करणारे पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता गेले, आणि मुंबईत परत आले. २०१७ मध्ये त्याच गोदीतून ‘तारिणी’ उतरली, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी तिच्यावरून जग फिरून आल्या. हे सगळं आपल्या पायाशी चालू होतं आणि मी दिवेआगरला शंखशिंपले वेचत होते!

याहून जुनं सांगू? एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६८-६९ मध्ये ज्या बोटीवरून गेला ती ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली. सागवानाची. त्या प्रदक्षिणेने लोकांना चेव आला, त्यातून पुढे व्हिटब्रेड निघाली, व्हिटब्रेडने सायुला घडवली. माझ्या वहीत मी हे सगळं बाणांनी जोडलंय आणि पान पुरेनासं झालंय.

स्वान विकत घेण्याचा विषयच नाही, जुन्या ३६ चीसुद्धा डागडुजी आपल्या पेन्शनीत बसत नाही, त्या सागवानी डेकचा खर्च ऐकूनच यजमान गच्चीत गेले. पण परवा मी मुंबईला एका नौकानयन शिकवणाऱ्या संस्थेत फोन केला. म्हटलं, साठीच्या पुढच्यांना घेता का? पलीकडची मुलगी म्हणाली, काकू, पोहता येतं का? मी म्हटलं, विहिरीत शिकलेय, येतं. ती म्हणाली, मग पावसाळा संपला की या, आधी छोट्या डिंगीवर बसवू.

चालेल की. डिंगीलाही शीड असतंच.